शेवटची तारीख सांगा

सोमवार ते शनिवार, रात्रीचे साडेआठ. नाशिकमधल्या सातपूर कॉलनीतल्या कुठल्याही गल्लीतून या वेळेला चालत जा. पहिल्या घराच्या खिडकीतून सासूबाईंचं "म्हणजे तू...?" ऐकू येतं. सातव्या घरापाशी पोचलात की सूनबाईंचं "हो, मीच!" येतं. मधल्या पाच घरांत नुसतं ढॅण, ढॅण, ढॅण.

तुम्ही सात घरं चाललात. गोष्ट एक पाऊल हलली नाही.

तरी मी या मालिका बघतो. आवडीने बघतो आणि कुणी विचारलं तर सांगतोही. "छे, आम्ही फक्त बातम्या बघतो" म्हणणारे मला पुष्कळ भेटतात. त्यांना 'ठरलं तर मग'मधली सायली कोण, अर्जुन कोण आणि मधुभाऊ तुरुंगात का गेले, हे सगळं ठाऊक असतं. बातम्यांत सांगितलं होतं का?

तेव्हा हे बाहेरच्याने नाक मुरडणं नाही. ही घरातल्या माणसाची तक्रार आहे, आणि ती एकाच गोष्टीबद्दल आहे.

आमचा आठवडा कुठे गेला?

रामानंद सागरांचं 'रामायण' २५ जानेवारी १९८७ ला सुरू झालं. रविवारी सकाळी एक भाग, की पुढचे सहा दिवस रिकामे. भाग किती? ७८. बी. आर. चोप्रांचं 'महाभारत' २ ऑक्टोबर १९८८ ला सुरू झालं आणि २४ जून १९९० ला संपलं. भाग ९४. कुरुक्षेत्रावरचं अठरा दिवसांचं युद्ध, त्याच्या आधीच्या तीन पिढ्या आणि मध्ये सांगितलेली गीता, सगळं ९४ भागांत बसलं.

आता एक साखरपुडा बसत नाही.

रविवारी भाग बघायचा आणि सोमवारपासून तो बोलायचा. किराणा दुकानात, नळावर, कंपनीच्या कॅन्टीनमध्ये. कर्णाचं चुकलं की कुंतीचं, यावर जेवणाच्या सुट्टीत दोन गट पडायचे. पुढचा रविवार येईपर्यंत वाद मिटायचा नाही. ते सहा दिवस गोष्टीचाच भाग होते. पडद्यावर एक तास, बाकीची गोष्ट आमच्याकडे.

ते सहा दिवस वाहिन्यांनी काढून घेतले आणि त्यांत भाग भरले.

सातपूरला आठवडा म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगावं लागतं. हा एमआयडीसीचा भाग; इथे आठवडा भिंतीवरच्या कॅलेंडरात नसतो, शिफ्टमध्ये असतो. या आठवड्यात फर्स्ट, पुढच्या सेकंड, त्याच्या पुढच्या थर्ड. आमच्या घरात आज वार कोणता, हे कुणी विचारायचं नाही. "बाबांची कुठली आहे?" एवढं कळलं की स्वयंपाक कधी, पाहुणे कधी आणि आवाज किती, हे सगळं ठरायचं. थर्ड असली की दुपारी दाराची कडीसुद्धा वाजवायची नाही.

सेकंड म्हणजे साडेतीन ते बारा. त्या आठवड्यात बाबांचं 'नुक्कड' बुडायचं.

'नुक्कड' १९८६ चं. कुंदन शहा आणि सईद मिर्झा यांचं. एका नाक्यावरची माणसं: इलेक्ट्रिशियन गुरू, सायकल दुरुस्त करणारा हरी, हॉटेलवाला कादरभाई, गणपत हवालदार आणि दारू प्यायलेला खोपडी. यातला एकही माणूस सातपूरच्या माणसाला परका नव्हता. असा हरी आमच्या कोपऱ्यावर पंक्चर काढत बसलेला असायचा. आमच्याकडे टीव्ही नव्हता. शेजारच्या काकांच्या दारात आमची जागा ठरलेली होती. आई उंबऱ्याच्या आत, मी उंबऱ्यावर.

शिफ्ट बाराला सुटायची. साडेबाराच्या सुमारास सायकलचं स्टँड वाजायचं. आई स्टोव्हला पंप मारायची, आमटी वर ठेवायची आणि सांगायला लागायची. बाबा बनियनवर, पाटावर. हात दोनदा साबणाने धुतलेले, तरी ऑइलचा वास तसाच. आई खोपडीसारखी झोकांडी द्यायची. हवालदाराचा आवाज काढायची. आमटी उकळून खाली यायची, तिचं लक्ष नसायचं. बाबांचा घास ताटातून उचललेला, तोंडापर्यंत न गेलेला.

"मग?"

"मग काय! ऐका ना."

मी पांघरुणात जागा असायचो. तो भाग मी डोळ्यांनी पाहिलेला असायचा, तरी आईकडून परत ऐकण्यासाठी डोळे मिटून पडून राहायचो. दूरदर्शनवर अर्ध्या तासात संपलेला भाग आमच्या स्वयंपाकघरात चाळीस मिनिटं चालायचा.

चुकलेल्या भागाची भरपाई करावी लागायची, कारण त्या भागात काहीतरी घडलेलं असायचं.

चाळीस भागांनी 'नुक्कड' संपलं. शेवटच्या भागाच्या आठवड्यात बाबांची नेमकी सेकंड होती. त्यांनी एका मित्राच्या हातापाया पडून शिफ्ट बदलून घेतली. सणासुदीलाही शिफ्ट न बदलणारा माणूस त्या रात्री शेजारच्यांच्या दारात, आईच्या शेजारी, मांडी घालून बसला होता. सेकंडच्या आठवड्यातला तेवढा एक भाग आईला सांगावा लागला नाही.

हे चाळीस वर्षांपूर्वीचं. आता आजचं ऐका.

आमच्या शेजारी एक मुलगा राहतो. तीच एमआयडीसी, तीच सेकंड शिफ्ट. सोमवार ते शनिवार त्याचे सहा भाग बुडतात. परवा सुट्टीच्या दिवशी तो आईजवळ बसून मालिका बघत होता. म्हटलं, "अरे, मागचं काही न बघता तुला कळतंय का?" तो म्हणाला, "काका, मागच्या आठवड्यात त्या दारात उभ्या होत्या. अजून दारातच आहेत."

सहा भाग चुकले आणि काहीच चुकलं नाही.

वाहिनीवाल्यांनो, आठ तास मशीनवर उभा राहून आलेला माणूस दिवसातला अर्धा तास तुमच्यासमोर आणून ठेवतो. त्याला तुम्ही दारात उभी असलेली बाई दाखवता. तीच बाई, तीन बाजूंनी, तीन वेळा. हा त्याच्या अर्ध्या तासाचा अपमान आहे. मी दुसरा शब्द वापरणार नाही.

आणि अर्धा तास म्हणजे किती? त्यातल्या जाहिराती वजा करा. सुरुवातीचं "आत्तापर्यंत आपण पाहिलं" वजा करा. शेवटचं "पुढील भागात" वजा करा. धक्का बसल्यावर खोलीतल्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावर जाणारा कॅमेरा वजा करा.

उरलं काय? आमटी गरम व्हायलाही जास्त वेळ लागतो.

वाहिन्या सांगतात, लोकांना रोज हवं असतं. कुणी सांगितलं? कुठल्या लोकांना विचारलं?

उत्तर आहे, आणि ते मीटरमध्ये आहे. २०१५ पासून बार्क ही संस्था टीव्ही कोण किती बघतं ते मोजते. त्यासाठी देशभरात पन्नास हजारांहून थोड्या जास्त घरांत मीटर बसवलेले आहेत. बार्कच्याच २०२० च्या अंदाजाप्रमाणे टीव्ही असलेली घरं सुमारे २१ कोटी. म्हणजे साधारण चार हजार घरांमागे एक मीटर. शनिवार ते शुक्रवार मोजायचं आणि आकडे गुरुवारी बाहेर द्यायचे. गुरुवार हा मालिकावाल्यांचा निकालाचा दिवस. आकडा घसरला की पुढच्या आठवड्यात खलनायिका परत येते, कुणाचा तरी अपघात होतो, नाहीतर दोन मालिकांची कुटुंबं एकाच मांडवात आणून 'महासंगम' केला जातो.

आता बघा गंमत कुठे आहे. आठवडा गेलेला नाही. आठवडा त्यांच्याकडे आहे.

आम्ही त्यांना रोज बघतो. ते आम्हाला आठवड्यातून एकदा, गुरुवारी बघतात. आठवड्यातून एकदा बघितलं की नीट बघितलं जातं, हे त्यांना बरोबर कळलेलं आहे. मग तोच हिशोब आम्हाला का नाही?

गुरुवारच्या आकड्यावर गोष्ट लिहिली की गोष्टीचं काय होतं, हे 'आई कुठे काय करते'ने दाखवलं. २०१९ च्या डिसेंबरमध्ये ही मालिका आली तेव्हा मी ती जीव लावून बघितली. अरुंधतीने पंचवीस वर्षं घर सांभाळलं, नवऱ्याचं बाहेर प्रकरण निघालं आणि ही बाई रडून कोपऱ्यात न बसता घटस्फोटाच्या कागदावर सही करून बाहेर पडली. मधुराणी प्रभुलकरांनी ते असं उभं केलं की आमच्या गल्लीतल्या बायका दुसऱ्या दिवशी आपापल्या घरचं बोलायला लागल्या. मराठी मालिकेने इतकं मोठं काम क्वचित केलंय.

तिथे गोष्ट संपली होती. मालिका संपली नाही.

ही मालिका 'श्रीमोयी' या बंगाली मालिकेवर बेतलेली. मूळ बंगाली मालिका २०२१ च्या डिसेंबरमध्ये संपली. आपली ३० नोव्हेंबर २०२४ पर्यंत चालली. मुळातली गोष्ट संपल्यावर जवळजवळ तीन वर्षं आपण कुणाची गोष्ट बघत होतो?

आणि 'चार दिवस सासूचे'? नावात चार दिवस. २००१ च्या नोव्हेंबरमध्ये सुरू झाली, २०१३ च्या जानेवारीत संपली. अकरा वर्षं. तीन हजारांहून जास्त भाग. रोहिणी हट्टंगडी आणि कविता लाड यांच्यासारख्या अभिनेत्री अकरा वर्षं एका घरात. पहिला भाग बघताना पहिलीत गेलेलं पोर शेवटच्या भागाला बारावीच्या परीक्षेला बसण्याच्या तयारीत होतं.

ते पोर मोठं झालं. गोष्ट मोठी झाली नाही, लांब झाली.

आता नाशिकच्या अभिमानाचं. 'माझ्या नवऱ्याची बायको'मधली राधिका म्हणजे आपली अनिता दाते. नाशिकची. तिने नागपूरकडची बोली अशी बोलून दाखवली की विदर्भातले लोक तिला आपली समजायला लागले. गुरुनाथ, राधिका आणि शनाया, तिघांची गोष्ट. २०१६ च्या ऑगस्टपासून २०२१ च्या मार्चपर्यंत ती चालली. साडेचार वर्षं एकच प्रश्न: गुरुनाथ सुधारणार का? अशी ताकदीची नटी हाताशी असताना तिला साडेचार वर्षं एकाच माणसावर रागवायला लावायचं? तेवढ्या काळात तिच्याकडून चार वेगळ्या बायका बघायला मिळाल्या असत्या.

नाशिकने टीव्हीला माणसं भरपूर दिली. सायली संजीव इथली, चिन्मय उदगीरकर इथला. ज्यांनी या देशाला पडद्यावर हलणारी गोष्ट दाखवली ते दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. सातपूरवरून जाणारा रस्ता त्यांच्याच गावाला जातो.

नाशिकने मालिकेला घरही दिलं. २००८ च्या नोव्हेंबरमध्ये स्टार प्रवाह सुरू झाली तेव्हा 'अग्निहोत्र' आली. अग्निहोत्री घराण्याचा नाशिकचा वाडा, आठ गणपती आणि पिढ्यापिढ्यांचं गुपित. श्रीरंग गोडबोले यांचं लेखन, सतीश राजवाडे यांचं दिग्दर्शन. विक्रम गोखले, मोहन आगाशे, मोहन जोशी, विनय आपटे, शरद पोंक्षे एकाच मालिकेत. प्रत्येक गणपतीबरोबर गोष्ट एक जिना वर चढायची. २०१० च्या मार्चमध्ये ती संपली, कारण गुपित उलगडलं होतं.

गुपित उलगडलं की थांबायचं. एवढं साधं आहे.

त्याच राजवाड्यांची 'एका लग्नाची दुसरी गोष्ट' २०१२ च्या जानेवारीत सुरू झाली आणि ऑगस्टमध्ये थांबली. घना आणि राधा, स्वप्नील जोशी आणि मुक्ता बर्वे. ती ऐन भरात असताना संपली. लोक हळहळले. चौदा वर्षं झाली तरी कुणी म्हणत नाही की बरं झालं एकदाची संपली.

लोक ज्या मालिकेसाठी हळहळतात तीच त्यांच्याजवळ राहते, हे वाहिनीतल्या कुणालाच दिसत नसेल?

उत्कंठेशिवाय लोक बघत नाहीत म्हणून रोज धक्का द्यावा लागतो, असंही सांगतात. मग 'स्वराज्यरक्षक संभाजी'चं काय? २०१७ च्या सप्टेंबरपासून २०२० च्या फेब्रुवारीअखेरपर्यंत महाराष्ट्राने ती बघितली. शेवट काय आहे, हे चौथीतल्या मुलालाही माहीत होतं. त्यात धक्का कसला? शेवट जवळ येऊ लागला तशी घराघरांत शांतता वाढत गेली. आमच्याकडे शेवटचे काही भाग कुणी जेवता जेवता बघितले नाहीत. ताटं आधी उचलली जायची.

लोकांना धक्का नको असतो. लोकांना शेवटाकडे जाणारी गोष्ट हवी असते.

आता जरा मालिकेतल्या कंपनीकडे वळू, कारण ते सातपूरकराला सगळ्यात जास्त झोंबतं. प्रत्येक मालिकेत एक कंपनी असते. तिचे शेअर कुणाच्या नावावर, पेपरवर सही कुणाची, खुर्चीवर कोण बसणार, यावर तीनशे भाग जातात. पण ती कंपनी बनवते काय?

बहुतेक मालिका ते सांगतच नाहीत.

इथे, जिथे १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाल्यावर शेतं जाऊन शेड उभ्या राहिल्या, तिथे कंपनी म्हणजे काय हे शाळकरी पोराला कळतं. गेट, पंचिंग, कॅन्टीनचं कूपन, ओव्हरटाइम, बोनस. तीन-तीन वर्षं चालणारी कराराची बोलणी. करार झाला की कॉलनीत पेढे आणि नाही झाला की गेटवर मंडप. ठेक्यावर लागलेलं पोर पर्मनंट होणार की ब्रेक मिळणार, या एका प्रश्नावर इथल्या दहा घरांतली लग्नं थांबलेली असतात. याच्यापेक्षा मोठी उत्कंठा कुठे आहे? त्या लग्नांची गोष्ट सांगा ना. 'नुक्कड'वाल्यांना पंक्चर काढणारा हरी दिसला. तुम्हाला आमच्यातला एकही माणूस दिसत नाही?

मालिकेतला मालक सकाळी सूट घालून घरातून निघतो आणि पुढच्याच प्रसंगात भांडायला घरी असतो. आमच्याकडे असं केलं तर अर्धा दिवस रजा लागते.

या सगळ्यात नटांचा आणि लेखकांचा दोष कमी आहे, हे मला माहीत आहे. रोज एक भाग हवा म्हणजे रोज एक भाग शूट झालाच पाहिजे. बारा-बारा तासांच्या पाळ्या. लेखक आज जे लिहितो ते उद्या शूट होतं आणि परवा दिसतं. मालिकेतली माणसंही शिफ्टमध्येच आहेत. २०२० च्या मार्चमध्ये शूटिंग थांबलं तेव्हा हातातले भाग काही दिवसांत संपले आणि वाहिन्यांना जुन्या मालिका काढाव्या लागल्या. दूरदर्शनने 'रामायण' परत लावलं आणि तेहतीस वर्षांपूर्वीचे भाग लोकांनी पोराबाळांना घेऊन बघितले. वर्ष उलटलं आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रात पुन्हा शूटिंग बंद झालं. युनिटं गोवा, दमण, सिल्वासाला निघाली. पण दाखवायचं थांबवलं नाही. महासाथ आली तरी रोजचा भाग गेला पाहिजे.

कुणासाठी? त्या महिन्यात आम्ही ऑक्सिजनचे सिलिंडर शोधत होतो.

एखादा भाग आठवडाभर लिहिला, दोन दिवस बसून शूट केला, एक दिवस नीट कापला, तर तो कसा होईल, याचा विचार करा. आपल्याकडे त्या तोडीचे लेखक नाहीत? आहेत. दिग्दर्शक आहेत. नट तर गावोगावी आहेत. राज्य नाट्य स्पर्धेत दोन अंकांसाठी तीन-तीन महिने तालमी करणारी पोरं आहेत. कामगार कल्याणच्या नाट्यस्पर्धेत नाइट शिफ्ट करून तालमीला येणारी माणसं मी स्वतः पाहिली आहेत. त्यांच्याकडे सगळं आहे. फक्त रोजचा भाग पाडण्याच्या घाण्याला जुंपल्यावर वेळ उरत नाही.

वेळ काढून घेतला की सगळंच बिघडतं. आंबा असो, लोणचं असो, गोष्ट असो.

आठवड्याची ताकद अजून गेलेली नाही, याचा पुरावा आपल्यासमोर आहे. 'चला हवा येऊ द्या' २०१४ पासून २०२४ पर्यंत आठवड्यातल्या दोन-तीन रात्री दिसत होतं आणि माणसं सोमवारची वाट बघायची. 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' २०१८ पासून लोक बघतायत. त्यातलं प्रत्येक प्रहसन त्याच रात्री संपतं. सुरुवात, मध्य, शेवट. दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये माणूस ते उभं राहून करून दाखवतो.

रोजच्या मालिकेतला कालचा भाग कुणी करून दाखवतो का? काय करून दाखवणार? दारात उभं राहून?

तरुण पोरं म्हणतात, काका, मोबाइलवर बघा, अख्खी सीरिज एकदम येते, एका रात्रीत संपवा. बघितल्या. काही फार चांगल्या आहेत. पण तिथेही आठवडा नाहीच. एकाने सगळे भाग संपवलेले, दुसरा तिसऱ्यावर, तिसऱ्याने सुरूच केलेली नाही. डबा उघडून चौघं बसले की पहिलं वाक्य काय? "सांगू नको."

गोष्ट बघायची आणि कुणाशी बोलायची नाही? मग बघायची कशाला?

आणि प्रोमो! हल्ली पुष्कळ लोक मालिका बघतच नाहीत, प्रोमो बघतात. चाळीस सेकंदांत लग्न मोडतं, थोबाडीत बसते, मेलेला माणूस दारात येतो. कंपनीच्या बसमध्ये रात्री बाराला अर्धे मोबाइल तेच दाखवत असतात. प्रोमो सोमवारी येतो, प्रसंग शनिवारी येतो आणि रविवारच्या महाएपिसोडमध्ये कळतं की ते स्वप्न होतं. ज्या आठवड्यात गोष्ट मावायची तो आठवडा आता चाळीस सेकंदांच्या खोट्यावर काढायचा.

खोटं सांगून घरी बोलावलेला पाहुणा पुन्हा येत नाही. प्रेक्षक येतो, म्हणून त्याला गृहीत धरायचं?

बाबा निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. आता त्यांना फर्स्ट नाही, सेकंड नाही. घरात भिंतीएवढा टीव्ही आहे. साडेआठला आई समोर बसते. बाबा बसत नाहीत. ते आत स्वयंपाकघरात ताटं घेत असतात, पाणी भरत असतात. नऊ वाजता आई आत येते. जुनी सवय आहे, ते विचारतात.

"काय झालं आज?"

ज्या बाईने एका भागाची चाळीस मिनिटं केली, आमटी उतू जाऊ दिली, खोपडी करून दाखवला, ती पोळ्यांचा डबा उघडत म्हणते, "काही नाही."

वाहिन्यांमधल्या मंडळींनो, तुम्ही सगळ्या मालिका बंद करा असं मी म्हणत नाही. रोजच्या दहा चालतात ना? त्यातली एक आठवड्याची करून बघा. एक तास, एक वार, पन्नास भाग. त्या पन्नास भागांत सांगण्यासारखं काय आहे, ते पहिला भाग शूट करण्याआधी कागदावर लिहा. सहा दिवस आमचे आम्हाला परत द्या. त्यांचं काय करायचं ते आम्हाला येतं.

आणि शेवटचा भाग कधी आहे, त्याची तारीख पहिल्याच दिवशी जाहीर करा. सातपूरला शिफ्ट आयत्या वेळी बदलून मिळत नाही. अर्ज आधी द्यावा लागतो.